काळा की रुपेरी

६ जानेवारी

सिंधूचा फोन आला. सकाळी तिला कुंडीतल्या शेवंतीचा फोटो पाठवला होता. म्हणाली, "अहो, ही फुलं आहेत की कांदाभजी?" मागे आरोहीचं रडणं चालू होतं, त्यामुळे लगेच ठेवलाही. मी फोटो पुन्हा पाहिला. भजीच वाटत होती खरं म्हणजे.

सिंधू बंगळूरला तेजलच्या बाळंतपणाला गेली ती सहा महिन्यांसाठी म्हणून. आता आरोही पुढच्या महिन्यात वर्षाची होईल. तेजलची रजा संपली, पाळणाघरात एवढंसं पोर ठेवायला तिचा जीव धजेना, म्हणून सिंधूचा मुक्काम वाढला. ठरवून कोणी काही केलं नाही. वाढत गेला, इतकंच. तिकडे ती अकराव्या मजल्यावर असते. तिथून रोज विचारते, शेवंती कशी आहे, कढीपत्ता फुटला का, फोटो पाठवा. आणि माझे फोटो हे असे.

संध्याकाळी तेजल बोलली. "पप्पा, तुमचा फोन जुना झालाय. आणि त्या काचेवर तुमचं बोट एकदा टेकवायचं तर तीनदा टेकतं. सरळ छोटा कॅमेरा घ्या, बटणवाला. आरोहीच्या वाढदिवसाला इकडे याल तेव्हा फोटो तुम्हीच काढा." तिनं दोन कॅमेऱ्यांची नावंही पाठवली.

ही डायरी पतपेढीनं दिलेली. गेल्या वर्षीची कोरीच रद्दीत गेली. यंदा लिहायचं ठरवलंय, कारण संध्याकाळी दिवसभरातलं सांगायला घरात कोणी नाही. अक्षर हल्ली आपोआप बारीक येतं. बरंच आहे, एका पानात जास्त मावतं.

८ जानेवारी

शालिमार चौकाजवळ कॅमेऱ्यांचं एक जुनं दुकान आहे. मालकीण ताहेराबाई, पन्नाशीच्या असतील. नवरा वारल्यापासून दुकान त्याच बघतात. तेजलनं पाठवलेली नावं दाखवली तर त्यांनी कपाटातून दोन्ही काढून काउंटरवर शेजारी-शेजारी मांडले. एक काळा, एक रुपेरी. दोन्ही शर्टाच्या खिशात मावतील एवढे.

"ह्यांच्यात फरक काय?"

"उन्नीस-बीस," त्या म्हणाल्या. "काळ्यात लांबचं थोडं जास्त जवळ येतं. रुपेरीचा पडदा असा वर उलटतो, स्वतःचा फोटो काढायचा असेल तर. बाकी सख्खे भाऊ समजा."

"मग लोक ठरवतात कशावरून?"

"रंगावरून, दादा."

मी रंगावरून ठरवणाऱ्यांतला नाही. मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपात स्टोअरमध्ये माझी सगळी नोकरी झाली. दोन कंपन्यांचे बोल्ट डोळ्यांना अगदी सारखे दिसायचे, पण आटे तपासल्याशिवाय मी एकही आत घेतला नाही. तसं सांगितलं तर ताहेराबाई हसल्या. म्हणाल्या, "मग तपासा की. कोण घाई करतंय?" त्यांनी स्टूल पुढं केलं आणि शेजारच्या टपरीवरून चहा मागवला.

पुष्कळ दिवसांनी कोणीतरी समोर बसून चहा प्यालं. पूर्ण कप हातात धरला की सांडतो, म्हणून मी अर्धाच ओतून घेतला.

११ जानेवारी

दुपारभर मोबाईलवर दोन्ही कॅमेऱ्यांची माहिती वाचत बसलो. एक जण सांगतो, कमी उजेडात काळा चांगला. दुसरा तितक्याच खात्रीनं सांगतो, रुपेरी. वजनात फरक मूठभर शेंगदाण्यांचा. हात हलला तरी फोटो स्थिर येण्याची सोय दोन्हींत आहे, पण कोणाची जास्त चांगली ह्यावर एकमत नाही.

एवढ्यात दार वाजलं. समोरच्या फ्लॅटमधली हर्षाली. "काका, काहीतरी जळतंय! जिन्यापर्यंत वास आलाय!" गॅसवर दूध होतं. पातेल्याचा तळ काळा ठिक्कर. घरभर धूर, आणि मला म्हणून वास नाही. थंडीनं नाक चोंदलंय बहुतेक, पण शिंका वगैरे काही नाहीत.

हर्षालीनं खिडक्या उघडल्या. बँकेत जायच्या घाईत होती तरी जाताना म्हणाली, "काका, काकू कधी येणार?"

"येईल," म्हणालो.

१५ जानेवारी

ताहेराबाईंना तिळगूळ घेऊन गेलो. त्यांनी दोन्ही कॅमेरे आपणहून काढले. म्हणाल्या, "बाहेर उभे राहा, रस्त्याचे फोटो घ्या, मग बोला."

काळ्यानं समोरच्या चपलांच्या दुकानाची पाटी काढली. अक्षरांना अक्षरं चिकटली होती. मग रुपेरीनं तीच पाटी. तीही चिकटलेली, पण थोडी कमी. निदान मला तरी कमी वाटली. पुन्हा काळा, पुन्हा रुपेरी. ताहेराबाई पायरीवर उभ्या राहून बघत होत्या.

"कोपर काउंटरला टेकवून बघा, दादा."

टेकवून काढला तर बरा आला. पण प्रत्येक ठिकाणी काउंटर कुठून आणायचा?

"रुपेरी कमी हलतो," मी म्हणालो.

त्या कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तब्येत बरी असते ना तुमची?"

"एकदम ठणठणीत."

कोणता घ्यायचा ते आजही ठरलं नाही. तसं वाईट वाटलं नाही. पुन्हा जावं लागेल.

२१ जानेवारी

सिंधूचा व्हिडिओ कॉल. आरोही धरून उभी राहायला लागली. सोफ्याला धरून उभी राहते आणि मग आपलीच आपल्याला मजा वाटून खाली बसते. मी डोळे भरून पाहत होतो.

सिंधू म्हणाली, "फोन हलवू नका हो, चक्कर येते." मी तो साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "रागावलात का?"

"कशावर?"

"मग हसत का नाही? पोर केव्हापासून तुमच्याकडे बघून हात हलवतेय."

"हसतोच आहे की," मी म्हणालो.

ती मग म्हणाली, "बरं, जेवण केलंत का?" आणि "मोठ्यानं बोला ना जरा." आणि मग नेहमीसारखं दूध उतू जातंय म्हणून तिनं फोन ठेवला. पूर्वी ती तासभर बोलायची. हल्ली आमचं बोलणं लवकर संपतं. तिला तिकडे पुष्कळ काम असणार.

दुपारी शालिमारला जाऊन आलो. ताहेराबाई म्हणाल्या, "काळा दोन दिवस घरी घेऊन जा, वापरून बघा. वापरलेलाच आहे, नव्या डब्यातला नाही. विश्वास आहे तुमच्यावर." मी आमच्या सोसायटीच्या सव्वीस जानेवारीबद्दल सांगितलं. "मग तोपर्यंत ठेवा," म्हणाल्या.

२६ जानेवारी

आज झेंडावंदन झालं. परवा चेअरमनना सांगितलं होतं की ह्या वेळी फोटो मी काढतो. पांढरा शर्ट घातला. बटणं लावता लावता उशीर झाला, पण वेळेत खाली पोचलो. झेंड्याचे, पोरांच्या कवायतीचे, बायकांच्या घोळक्याचे, चेअरमनच्या भाषणाचे भरपूर फोटो काढले. सगळे पोज देत होते, "हिरामणकाका, एक आमचाही" म्हणत होते. मजा आली. सगळ्यांच्या मधे उभं राहायला एक कारण होतं हाताशी.

मग पाणी-बुंदीच्या वेळी चेअरमन म्हणाले, "दाखवा बरं." कॅमेऱ्याचा पडदा पाहून त्यांनी दुसरा फोटो दाखवायला सांगितला, मग तिसरा. मग हसत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिरामणराव, भूकंप झाला होता काय झेंडावंदनाला?"

सगळे हसले. वाईट भावनेनं नाही. मीही हसलो, पण कोणाला दिसलं असेल असं वाटत नाही.

ग्रुपवर हर्षालीनं मोबाईलवर काढलेले फोटो आले. चांगले आहेत. एकात मीही आहे, कडेला, कॅमेरा डोळ्याला लावलेला.

२७ जानेवारी

कॅमेरा परत नेला आणि सरळ सांगितलं, "हा सदोष आहे."

ताहेराबाईंनी कालचे फोटो एकेक करून पाहिले. मग कॅमेरा हातात घेऊन पायरीवर गेल्या आणि तीच चपलांच्या दुकानाची पाटी काढली. आणून माझ्यासमोर ठेवली. प्रत्येक अक्षर सुटं, स्वच्छ. खालचा फोन नंबरसुद्धा वाचता येत होता.

"दादा, कॅमेरा बरोबर आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमचा हात थरथरतो. पहिल्या दिवसापासून बघतेय. चहा घेताना, स्टुलावर नुसते बसलेले असताना पण. बोलू का नको, बोलू का नको, असं झालं होतं मला. डॉक्टरांना एकदा दाखवा."

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं.

मी म्हणालो, "तुम्हाला विकायचा नसेल तर तसं सांगा. गिऱ्हाइकाला आजारी पाडू नका."

"दादा, असं नका बोलू."

"येतो," म्हणालो आणि निघालो. बसमध्ये दांडी घट्ट धरून उभा होतो. कुठे थरथरत होता हात? बिलकूल नाही. वर्कशॉपात मायक्रोमीटर धरायचो मी ह्या हातात.

२ फेब्रुवारी

रुपेरी ऑनलाइन मागवला होता, तो आज आला. एवढे दिवस घोळ घातला आणि शेवटी रागाच्या भरात घेतला. असो. घेतला एकदाचा.

डबा उघडताना शेजारी कोणीतरी असावं असं वाटलं. नवीन वस्तू आली की सिंधू आधी चिकटपट्टी स्वतः सोडवायची आणि मग मी हात लावायचा, अशी आमच्याकडची पद्धत.

शेवंतीचे फोटो काढले. हलले. कठड्यावर टेकवून काढले, तर पाकळीवरची मुंगीसुद्धा दिसतेय. तोच सिंधूला पाठवला. तिनं फुलांचं चित्र पाठवलं, शब्द काही नाही.

३ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहायचं की नाही ह्याचा विचार करत बसलो होतो.

सिंधूला माझा एक चांगला फोटो पाठवावा म्हणून दाढी केली, निळा शर्ट घातला. कॅमेरा जेवणाच्या टेबलावर ठेवला, पडदा उलटा केला आणि आपोआप फोटो निघायचं बटण दाबून समोर खुर्चीत जाऊन बसलो. हसलो. कॅमेरा टकटक करेना, म्हणून पुष्कळ वेळ तसाच बसून राहिलो. मग उठून पाहिलं तर फोटो नव्हता झाला. चुकून व्हिडिओ चालू झाला होता.

लावून पाहिला.

एक माणूस लहान-लहान पावलं टाकत येतो आणि खुर्चीत बसतो. येताना त्याचा डावा हात पुढे-मागे होतो, उजवा नुसता लटकलेला. बसल्यावर तो उजवा हात मांडीवर ठेवतो आणि हात चालू होतो. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत राहतात, विडी वळावी तसे. तो माणूस तिकडे बघतही नाही. समोर बघतो. चेहऱ्यावर काहीच नाही. मला पक्कं आठवतंय की मी त्या वेळी हसत होतो.

पुन्हा लावला. पुन्हा तेच.

टेबलावर हात ठेवून त्याच्याकडे बघत बसलो. बघितलं की थांबत होता. नजर दुसरीकडे नेली की अंगठी टेबलावर वाजायला लागायची. हा आवाज मी कितीतरी दिवस ऐकतोय. मला वाटायचं फ्रिजचा आहे.

सारा दिवस मी माझ्याबरोबर असतो, आणि मलाच दिसलं नाही.

९ फेब्रुवारी

मधले दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. झोपून होतो बराचसा.

आज कॉलेज रोडच्या एका मेंदूविकार डॉक्टरांकडे गेलो. बाहेर बाकावर सगळ्यांबरोबर कोणी ना कोणी होतं. नर्सनं विचारलं, "पेशंट कोण?" आपल्याबरोबर दुसरं कोणी असेल असं धरूनच विचारतात.

डॉक्टर वयानं लहान, पण शांत. चालायला लावलं. बोटं उघडा-मिटा करायला लावली. कागदावर एक वाक्य लिहून घेतलं. मग म्हणाले, "वास येतो का नीट?" मी चपापलो. दुधाचं सांगितलं. "घरचे म्हणतात का, आवाज बारीक झालाय? चेहरा गंभीर वाटतो?" मी हो म्हणालो. एकेक प्रश्न असा की जणू हा माणूस माझ्या स्वयंपाकघरात बसून होता.

"ह्याला कंपवात म्हणतात," ते म्हणाले. "पार्किन्सन. पूर्ण बरा होत नाही, पण औषधानं पुष्कळ आटोक्यात राहतो. व्यायाम करा, चाला, बोला. लोक वर्षानुवर्षं चांगले जगतात. तुम्ही थोडे उशिरा आलात, इतकंच. हे पहिल्यांदा लक्षात कोणाच्या आलं?"

"कॅमेऱ्याच्या दुकानातल्या बाईंच्या," मी म्हणालो.

त्यांनी मान वर करून पाहिलं. "घरी कोण असतं?"

"सध्या कोणी नाही."

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. म्हणाले, "पुढच्या वेळी कोणालातरी घेऊन या."

१२ फेब्रुवारी

सिंधूला सांगितलं नाही. सांगितलं तर ती सगळं टाकून धावत येईल, आणि तिकडे तेजलची नोकरी, पोर, सगळं अधांतरी. मी ठरवलंय की निदान वाढदिवस होईपर्यंत काही बोलायचं नाही. आणि वाढदिवसाला जायचंही नाही, कारण गेलो की दिसणार.

आज तिनं विचारलं, "तिकीट काढलं का?" फोनचा कॅमेरा बिघडलाय असं सांगून नुसत्या आवाजावर बोलत होतो. म्हणालो, "सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं काम निघालंय, मला इथं थांबावं लागेल."

ती मग म्हणाली, "नातीचा पहिला वाढदिवस, आणि तुम्हाला पाण्याची टाकी?"

"चेअरमननं माझ्यावरच टाकलंय."

"ठीक आहे," ती म्हणाली. तिचं 'ठीक आहे' मी चौतीस वर्षं ओळखतो. फोन तिनंच ठेवला.

मी किती शहाणपणानं वागलो ते सांगायलाही कोणी नाही.

१४ फेब्रुवारी

शालिमारला गेलो. आत जायला पाय उचलेना. ताहेराबाईंनीच बाहेर बघून हाक मारली, "दादा, आत या ना. उन्हात काय उभे?"

मी म्हणालो, "तुमचं बरोबर होतं. मी वेडंवाकडं बोललो."

"जाऊ द्या. डॉक्टर काय म्हणाले?"

सगळं सांगितलं. घराबाहेरच्या माणसाला पहिल्यांदा सांगितलं, आणि तेव्हा लक्षात आलं की घरातल्या माणसालाही सांगितलेलं नाही. त्यांनीही नेमकं तेच विचारलं. "वहिनींना कळवलं?"

"नाही. तिला कशाला त्रास? ती तिकडेच बरी आहे. लेकीला तिची गरज आहे. मी सगळा विचार केलाय."

ताहेराबाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "दोन कॅमेऱ्यांतला एक ठरवायला तुम्ही महिना घेतला. पाच वेळा आलात, दहा-दहा वेळा हातात घेऊन पाहिलेत. आणि वहिनींनी कुठे राहायचं हे त्यांना न विचारता एका मिनिटात ठरवून मोकळे?"

मी पिशवीतला रुपेरी काढून काउंटरवर ठेवला.

"आमच्यांनी पण मला नव्हतं सांगितलं," त्या म्हणाल्या. "छातीत दुखायचं. मी घाबरेन म्हणून. आज सहा वर्षं झाली, मला त्यांचा राग येतो. रडू येत नाही, रागच येतो."

मग त्यांनी कपाटातून एक लहानशी तिपाई काढली, कॅमेरा वर बसवायची. माझा रुपेरी तिच्यावर ठेवला, मग तोच काळा ठेवला, आणि दोन्हींनी पाटीचा फोटो घ्यायला लावला. दोन्ही फोटो शेजारी-शेजारी पाहिले. कोणता कोणाचा, मला सांगता आलं नाही. तिपाई घेऊन आलो.

१५ फेब्रुवारी

आज सांगितलं. फोन टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि व्हिडिओ कॉल लावला. सिंधू स्वयंपाकघरात होती. म्हणाली, "झाली का तुमची टाकी?"

मी म्हणालो, "टाकी नाहीये. माझ्या हाताकडे बघ." आणि हात समोर टेबलावर ठेवून तेजलच्या लग्नाच्या फोटोकडे बघत राहिलो, म्हणजे तो थांबणार नाही.

ती फोनच्या अगदी जवळ आली. "हे काय? हे कधीपासून?"

"माहीत नाही. कंपवात आहे म्हणतात. गोळ्या चालू केल्यात."

"कधीपासून म्हणजे? कोणाच्या लक्षात कसं नाही आलं?"

"बघायला कोण होतं?" मी म्हणालो.

मला तसं म्हणायचं नव्हतं. प्रश्नाचं उत्तर म्हणून म्हणालो. पण शब्द गेला तो गेलाच. सिंधू पदर तोंडाला लावून उभी राहिली. मागे कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या आणि तिनं गॅस बंद केला नाही.

मी म्हणालो, "डॉक्टर म्हणाले, चेहऱ्यावर हसू उमटत नाही ते पण त्याच्यामुळेच."

हे ऐकून तिनं पदर काढला. "म्हणजे रागावला नव्हतात?"

"कधी?"

"अहो, दिवाळीपासून! मला वाटायचं तुम्ही माझ्यावर रागावलाय. मी इथं येऊन बसले म्हणून. रोज कॉल लावायचा, आणि समोर तुमचं ते तोंड. म्हणून मी लवकर ठेवायचे. मग बाल्कनीत जाऊन बसायचे. इथं खाली कोणाशी बोलावं तर भाषा येत नाही. तेजल रात्री येते ती दमून. दिवसभर त्या पोरीशी मराठीत बोलते, तेवढंच. परत येऊ का असं विचारायचं सुद्धा मनात यायचं, पण वाटायचं, ह्यांना आता मी नकोच आहे."

"मग ते फोटो कशाला मागायचीस रोज?"

"हललेले असले तरी घर दिसायचं ना," ती म्हणाली.

मग आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. पण फोन कोणी ठेवला नाही.

२२ फेब्रुवारी

आरोहीचा वाढदिवस आमच्या नाशिकच्या घरी झाला. तेजलनं तिकडचा हॉल रद्द केला, जावयांना सुट्टी मिळाली नाही, पण ती, सिंधू आणि पोर परवा आल्या. ताहेराबाई आल्या, हर्षाली आणि तिचा नवरा आले, चेअरमनही आले. बुद्धांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून वंदना झाली, मग केक. आरोहीनं केकमध्ये आख्खा हात घातला.

कॅमेरा तिपाईवर होता. मी फक्त बटण दाबत होतो. चेअरमननी फोटो पाहिले आणि म्हणाले, "वा, हिरामणराव!" त्यांना मी आजाराचं सांगितलं. ते कानकोंडे झाले. मग बशीतले वेफर्स संपेपर्यंत माझ्याशेजारीच उभे राहिले.

सगळे गेल्यावर तेजल ओट्यापाशी ताटल्या विसळता विसळता आईला म्हणाली, "आई, तू पंचवीसला माझ्याबरोबर येणार ना? मी तुझंही परतीचं तिकीट काढलंय." मग लगेच, "नाही म्हणजे, पप्पांचं आहेच. पण आरोहीचं काय करू मी?" आणि ती रडायला लागली. तिचंही खोटं नव्हतं.

सिंधूनं माझ्याकडे पाहिलं. जिभेवर आलं होतं, जा तू, माझं मी बघेन. सवयच आहे ती. ओठ दाबून धरले आणि बाहेर जाऊन बसलो. आत त्या दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही. आयुष्यात एवढं अवघड काम मी क्वचितच केलं असेल.

२५ फेब्रुवारी

आज ओझरहून त्यांचं विमान होतं. सिंधूची बॅग सकाळी भरलेली होती. ती टॅक्सीच्या डिकीत ठेवली तेव्हाही मी काही विचारलं नाही. वाटेत आरोही सिंधूच्या मांडीवर झोपली होती.

विमानतळाच्या दारात सिंधूनं ती भरलेली बॅग तेजलच्या हातात दिली. "ह्यात तुझ्यासाठी मसाला आणि पोरीचे कपडे आहेत. पाळणाघरवाल्या बाई चांगल्या आहेत, मी दोनदा बघून आलेय, तुला बोलले नव्हते. पहिला आठवडा रडेल ती. तू रडू नकोस तिच्यासमोर." म्हणजे हे तिनं कधीच ठरवलं होतं.

तेजल बघत राहिली. मग मान हलवली. "बाई चांगल्या आहेत ना, आई? नक्की?"

"नक्की."

आरोहीला उचलून देताना ती जागी झाली आणि तिनं सिंधूच्या गळ्यातली पोत मुठीत धरली. एकेक बोट करून सोडवावी लागली. पहारेकऱ्यानं तेजलचं तिकीट पाहिलं आणि त्या काचेच्या आत गेल्या. आरोही आतूनही हात पुढं करत होती. मग दिसेनाशी झाली.

परतताना गाडीत सिंधू माझ्या उजव्या बाजूला बसली. माझा हात तिनं आपल्या हातात घेतला. तो तिथंही हलत होता. ती खिडकीतून बाहेर द्राक्षांचे मळे बघत रडत होती, आवाज न करता.

आडगाव मागे पडल्यावर डोळे पुसून म्हणाली, "दिवसभर तिच्यामागे असायचे मी. आता घरी जाऊन काय करू हो? दिवस कसा जाणार?"

वर्षभर मी ह्याच प्रश्नापाशी बसलो होतो. उत्तर सापडलेलं नाही. तसंच तिला सांगितलं.